पुढे गेलेला ढग

दिवाळीच्या पाडव्याला आणि भाऊबीजेला ओवाळताना घरातल्या मोठ्या बायका एक वाक्य हमखास म्हणतात : इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो. तेला-उटण्याचा वास अजून अंगाला आहे, निरांजनाची ज्योत डोळ्यांसमोर गोल फिरते आहे आणि मन मात्र पलीकडे मांडलेल्या फराळाच्या ताटात गुंतले आहे, अशा अवस्थेत आपण सर्वांनी ते ऐकलेले असते. या वाक्याच्या उत्तरार्धावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. बळी कोण, त्याचे राज्य कसले, त्याला पाताळात घालणे न्यायाचे की अन्यायाचे, हे वाद अजून मिटलेले नाहीत. पूर्वार्ध मात्र सोपा म्हणून तसाच सोडून दिला जातो. माझे अलीकडे अडते ते त्या पूर्वार्धातल्या एका शब्दाशी. पिडा टळते म्हणजे तिचे नेमके होते काय? ती विरून जाते, की आपल्या दारावरून पुढे जाऊन दुसऱ्याच्या दारात उभी राहते?

मराठी शिकवण्यात माझी पस्तीस वर्षे गेली, त्यामुळे शब्दांची उलटतपासणी करण्याची खोड जडली आहे. 'टाळणे' म्हटले की टाळणारा कोणीतरी आला; त्याला जाब विचारता येतो. 'टळणे' हे आपोआप घडते. संकट टळले, अपघात टळला, बदली टळली. कोणी टाळली नाही आणि कोणाकडे गेली नाही. बदलीचेच पाहा. एका मास्तरांची आडगावची बदली टळते, तेव्हा त्या आडगावची शाळा काही बंद पडत नाही. दुसरे कोणीतरी मास्तर त्या वेळी आपली ट्रंक बांधत असतात. पण इकडे पेढे वाटताना त्यांचे नाव निघत नाही. निघू नये अशीच त्या शब्दाची घडण आहे.

हे सारे मला व्याकरणाच्या पुस्तकात सुचले असे मात्र नाही. ते सुचले एका ढगामुळे.

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात, कवठेमहांकाळच्या बाजूला, आमची थोडी शेती आहे. ती धाकटा भाऊ पाहतो. मी चैत्र-वैशाखात महिनाभर तिथे जाऊन राहतो आणि न मागितलेले सल्ले देऊन त्याच्या कामात व्यत्यय आणतो. हा मुलूख मूळचा अवर्षणाचा. म्हैसाळ योजनेने कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उपसून वर आणले, आणि जिथे ते पोहोचले तिथे द्राक्षबागा उभ्या राहिल्या. जिथे पोहोचले नाही तिथे उन्हाळ्यात अजूनही पाण्याचीच चिंता. रस्त्याच्या एका अंगाला हिरवे आणि दुसऱ्या अंगाला करडे, असा देखावा आमच्या ओसरीवरून एका नजरेत दिसतो.

चैत्र हा या भागात बेदाण्याचा महिना. द्राक्षे द्रावणात बुडवून काढतात आणि माळावर उभारलेल्या शेडमध्ये, एकावर एक ताणलेल्या जाळ्यांवर पसरतात. मग पंधरवडाभर काही करायचे नसते. करायचे ते वारा करतो. म्हणूनच शेडला वर छप्पर असले तरी बाजू उघड्या ठेवलेल्या असतात. या पंधरा दिवसांत आडवा पाऊस आत शिरला की मणी काळे पडतात, चिकटतात, आणि तासगावच्या सौद्यात ज्या मालाकडे व्यापारी हात पुढे करायचे त्याच्याकडे पाठ करतात. औषधे, खते, मजुरी, सोसायटीचे कर्ज, मुलीच्या लग्नाची बोलणी, सारे त्या जाळ्यांवर वाळत पडलेले असते. त्या दिवसांत गावातली माणसे तुमच्याशी बोलताना मधूनमधून वर पाहतात. नवख्या माणसाला वाटावे, यांचे आपल्या बोलण्याकडे लक्ष नाही. आणि ते खरेही असते.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलातली ती दुपार. सकाळपासून वारा पडलेला. अंगाला सदरा चिकटत होता, कोंबड्या चोची उघड्या टाकून सावलीला बसल्या होत्या. तीनच्या सुमारास अथणीच्या अंगाला, म्हणजे आग्नेयेला, एक पांढरा कोंब दिसला. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा तो फुगत गेला आणि तासाभरात त्याचा माथा वर जाऊन सपाट पसरला, लोहाराच्या ऐरणीसारखा. असले ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच चढतात. उंचीवर जिथे हवा त्यांना आणखी वर जाऊ देत नाही तिथे ते आडवे पसरतात. ही ऐरण त्यामुळे होते. वरून तो कापसासारखा पांढरा होता, पण पायथ्याशी त्याचा रंग दौतीतल्या शाईचा झाला होता, आणि तो पायथा आमच्याकडे सरकत होता.

भावाने गड्यांना हाका घातल्या. शेडच्या उघड्या बाजूंना ताडपत्र्या बांधण्याची धावपळ सुरू झाली. भावजयीने गच्चीवरच्या अर्धवट वाळलेल्या कुरडया गोळा केल्या. मी आणि माझा सात वर्षांचा चुलत नातू, अशी दोन निरुपयोगी माणसे तेवढी सोप्यात बसलो. इतक्यात समोरच्या करड्या अंगाने आबा आले आणि आमच्याजवळ टेकले. आबांची विहीर त्या वर्षी फाल्गुनातच आटली होती. दावणीला दोन म्हशी, आणि त्यांच्यासाठी पाणी विकत. ते काही बोलले नाहीत. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि ढगाकडे पाहत राहिले.

मी नातवाला एक हिशेब शिकवला. वीज दिसली की मोजायला लागायचे आणि गडगडाट ऐकू आला की थांबायचे. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात, म्हणून आकड्याला तीनाने भागले की वीज किती दूर पडली ते कळते. आकडा तिसाच्या आत आला की उघड्यावर थांबायचे नाही, हेही सांगितले. त्याने मोठ्याने मोजायला सुरुवात केली. अठ्ठावीस. मग बावीस. मग सतरा. शेडकडून गडी पळत आले. बारा. भाऊ शेवटी आला. त्याला मी अक्षरशः ओरडून आत बोलावला.

आणि मग वारा सुटला. अर्धा दिवस भाजलेल्या त्या माळावरून एकाएकी गार झुळूक आली, नुसती गार नव्हे तर थंड, आणि तिच्याबरोबर ओल्या मातीचा वास. सोप्यातल्या प्रत्येकाने, भावानेसुद्धा, नकळत एक लांब श्वास घेतला. आबांनी डोळे मिटले. नातू मोजायचे विसरला आणि अंगणात धावणार तोच मी त्याचा हात धरला. नऊ. पुन्हा नऊ. तिथे तो आकडा काही वेळ थबकला. नंतर चौदा आला. नंतर एकवीस. ढग दंडोबाच्या डोंगराकडे वळला होता. त्याच्या पोटाखालून पावसाचे करडे पडदे लोंबताना स्पष्ट दिसत होते, पण ते आता डोंगरापलीकडे सरकत होते. आमच्या अंगणात मोजून पाच-सात थेंब पडले. त्यांच्या खुणा धुळीत दिसत होत्या.

"गेलं," भाऊ म्हणाला, आणि उंबऱ्यावर मटकन बसला.

"गेलं," आबाही म्हणाले, आणि टोपी घालून उठले.

शब्द एकच. एकाच क्षणी, एकाच छपराखाली, एकाच ढगाविषयी उच्चारलेला.

आपल्याकडे एक जुनी गोष्ट सांगतात. एका बापाच्या दोन मुली, एक माळ्याकडे दिलेली, दुसरी कुंभाराकडे. बाप एकीकडे जातो तर ती म्हणते, देवाला सांगा, पाऊस पडू दे. दुसरी म्हणते, देवाला सांगा, चार दिवस उघडीप दे, मडकी वाळायची आहेत. बाप काय मागणार? ऐकणारे हसतात आणि गोष्ट संपते. लहान मुलांना आपण ती 'सगळ्यांचे समाधान करता येत नाही' एवढे शिकवायला सांगतो, आणि मला वाटते तिथे गोष्टीवर अन्याय करतो. त्या गोष्टीतला खरा मोठा माणूस तो बाप आहे. दोन्ही घरी त्याचे जाणे आहे, दोन्हीकडे त्याला पाणी मिळते, म्हणूनच त्याला कोड्यात पडता येते. मुलींना कोडे पडत नाही. माळणीला पाऊस पडला की आनंद, कुंभारणीला टळला की आनंद. आपण बहुतेक सारे जन्मभर कोणत्या तरी एका मुलीच्या जागी बसलेले असतो. त्या दुपारी सोप्यात बसून ढगाकडे पाहताना मला मात्र, शेतीतला निरुपयोगी माणूस म्हणून असेल, थोडा वेळ बापाच्या जागी बसायला मिळाले. ती जागा सुखाची नाही.

पण एक सुख मला होते आणि ते मी नाकारणार नाही. ढग अतिशय सुंदर होता. त्याच्या पोटात वीज पेटली की आतल्या आत दालनांमागून दालने उजळत. इतका भव्य देखावा मी फार थोड्या वेळा पाहिला आहे. या सुखाचा विचार जुन्या लोकांनी केलेला आहे. ल्युक्रेशियस या रोमन कवीने दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागाची सुरुवातच अशी केली आहे की, समुद्रात वादळ माजले असताना किनाऱ्यावरून दुसऱ्याची धडपड पाहणे गोड वाटते. लगेच त्याने खुलासाही केला आहे : दुसऱ्याच्या दुःखाने आनंद होतो असे नव्हे, तर आपण कशातून सुटलो आहोत हे दिसते, ते गोड. पुढे १७९० साली कांटने हेच अधिक काटेकोरपणे मांडले. कडाडणारे मेघ, ज्वालामुखी, खवळलेला समुद्र जितके भयंकर तितके आपल्याला ओढून घेतात, पण त्याला एक अट आहे. पाहणारा सुरक्षित जागी असला पाहिजे. आपल्या भरताच्या नाट्यशास्त्रात भयाचाही रस होतो, पण तो प्रेक्षागृहात बसलेल्याला.

विचार खरे आहेत. माझा प्रश्न फक्त त्या सुरक्षित जागेबद्दल आहे. ती जागा कोणाला मिळते? आपल्या देशात सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात वीज पडून २८८७ माणसे मेली. दरवर्षी हा आकडा दोन हजारांच्या वरच असतो. ही माणसे कोण असतात ते वर्तमानपत्रातल्या दोन ओळींच्या बातम्या वाचल्या की कळते : शेतात खुरपायला गेलेल्या बाया, झाडाखाली थांबलेला गुराखी, मळणीवरून परतणारे मजूर. रसिक त्यांत फारसा नसतो. रसिकाला सोपा असतो, खिडकी असते. कांटची अट पुरी करायला आधी घर लागते, आणि दुपारी चार वाजता घरात असण्याची सवड लागते. ढगाच्या सौंदर्यात त्यामुळे काही उणे येत नाही. भयंकर गोष्टी सुंदर असतात यात गुन्हा कोणाचाच नाही. पण त्या सौंदर्याचे तिकीट सर्वांना सारख्या किमतीला मिळत नाही, एवढे प्रेक्षकाने ध्यानात ठेवायला काय हरकत आहे?

आणि तो मातीचा वास! त्याच्याबद्दल थोडे सांगितल्यावाचून राहवत नाही. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड टॉमस या दोघा शास्त्रज्ञांनी या वासाचा शोध घेतला. कोरड्या दिवसांत माती आणि दगड वनस्पतींची तेले शोषून धरतात आणि ओल लागली की ती सुटतात, असे त्यांना आढळले. मातीतले सूक्ष्म जीवही या वासात आपली भर घालतात. कनोजचे अत्तरवाले हाच वास कधीपासून बाटलीत भरून विकत आले आहेत, ते वेगळे. पण आता जरा विचार करा. आमच्या अंगणात अजून थेंब पडला नव्हता, मग वास आला कोठून? तो आला होता जिथे पाऊस आधीच कोसळत होता तिथून. ढगातून पाऊस खाली येतो तेव्हा आपल्याबरोबर वरची थंड हवा ओढून आणतो. ती जमिनीवर आपटते आणि चहूकडे पसरते. पावसाच्या पुढे धावत येणारी गार झुळूक ती हीच. म्हणजे सोप्यातल्या प्रत्येकाने जो लांब श्वास घेतला तो मुळात दुसऱ्या गावच्या पावसाचा होता. कोणाच्या तरी शेतावर तो पडला होता. कोणाचा बेदाणा त्याने भिजवला असेल किंवा कोणाची विहीर थोडी भरली असेल. आम्हांला त्याची फक्त झुळूक पोहोचली. जगातल्या पुष्कळ बातम्या आपल्याला अशाच पोहोचतात, नाही का? सुगंधी होऊन.

टळण्याचे हे झाले निसर्गातले रूप. तिथे कोणाचा हात नसतो. भावाने कितीही मनातून 'जा, जा' म्हटले असले तरी त्याच्या म्हणण्याने ढग डोंगराकडे वळला नाही, आणि आबांच्या 'ये, ये' म्हणण्याने थांबला नाही. पण जिथे माणसाचा हात पोहोचतो तिथे तो काय करतो, हे पाहिले की मन जरा चरकते.

पूर्वी गावात पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा काढीत. लाकडी गाड्यावर देवी बसवायची, हिरवे लुगडे, बांगड्या, लिंबू-नारळ वाहायचे, वाजतगाजत गाडा शिवेपर्यंत ओढायचा आणि शिवेपलीकडे सोडून द्यायचा. मागे वळून पाहायचे नाही. सकाळी पुढच्या गावाला गाडा दिसे. मग तिथले लोक घाबरून तितक्याच भक्तीने तो आपल्या पलीकडच्या शिवेवर नेत. असा तो गाडा गावोगाव पुढे जाई. या चालीला अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे. रोगजंतू माहीत नव्हते, औषध नव्हते, डोळ्यांदेखत घरे ओस पडत होती. मला त्यांच्या अज्ञानाची लाज वाटत नाही. मला थक्क करते ती त्यांची स्पष्टता. पिडा नाहीशी होत नाही, ती फक्त पुढे ढकलता येते, हे त्यांनी स्वतःपासून लपवले नव्हते. म्हणून तर मागे वळून पाहायचे नाही हा नियम! तिठ्यावर ठेवलेल्या उताऱ्याचेही तेच. भात, लिंबू, कुंकू तिथे ठेवून येणाऱ्याला पक्के ठाऊक असते की, जो ओलांडील त्याला लागेल. कोण ओलांडील ते मात्र त्याला पाहायचे नसते.

आता गाडे निघत नाहीत असे म्हणून समाधान मानण्यात अर्थ नाही. नदीकाठी एका वसाहतीने पुराच्या भीतीने मोठा भराव घालून घेतला की पाणी समोरच्या काठावर चढते. सांगलीकरांना २००५, २०१९ आणि २०२१ हे तीन पूर आठवत असतील. त्या दिवसांत वरचे लोक खालच्यांकडे आणि खालचे वरच्यांकडे बोट दाखवत होते. शहराचा कचरा गावाबाहेर जातो, म्हणजे दुसऱ्या गावात जातो. आपले गल्लीतले दिवे गेले आणि समोरच्या गल्लीतलेही गेलेले दिसले की बरे वाटते, ही तर आपल्या सर्वांच्या अनुभवातली गंमत आहे. महाराष्ट्र सरकारने २००३ साली आणि पुन्हा २०१५ साली विमानातून ढगांत रसायने फवारून कृत्रिम पाऊस पाडण्याचे प्रयोग केले. आमच्या पारावर तेव्हा एकच चर्चा : आमच्या वाट्याचा ढग तिकडेच रिकामा करणार काय? प्रश्न शास्त्रीय दृष्ट्या कितपत बरोबर होता ते सोडा. विचारणारांना गाड्याची वाट पाठ होती, एवढे खरे.

मग टळणे म्हणजे नेहमी दुसऱ्यावर ढकलणेच काय? इतके निराश होण्याचे कारण नाही. १७५२ साली बेंजामिन फ्रँकलिनने वीज म्हणजे विद्युतच हे पतंगाच्या प्रयोगाने दाखवले, आणि इमारतीवर टोकदार लोखंडी गज उभारून त्याची तार जमिनीत नेण्याची युक्ती लोकांच्या हाती दिली. युरोपात त्यापूर्वी वादळ आले की चर्चच्या मनोऱ्यातल्या घंटा वाजवीत, आणि गावातली सर्वांत उंच जागा तीच असल्याने वीज पुष्कळदा घंटा वाजवणाऱ्यावरच पडे. फ्रँकलिनच्या गजाला विरोधही झाला. देवाच्या कोपाच्या आड येणारे आपण कोण, असे काही धर्मोपदेशक विचारू लागले. मला त्या गजाचे कौतुक वेगळ्या कारणाने वाटते. तो वीज शेजाऱ्याच्या घरावर ढकलत नाही. उलट तिला आपल्याकडे बोलावतो आणि जमिनीत नेऊन मुरवतो. गाड्याची आणि गजाची दोन टोके मनात धरली की आपण रोज करतो ती टाळाटाळ त्यांपैकी कोणत्या जातीची, हे विचारता येते. गजाला पैसे लागतात, खड्डा खणावा लागतो. गाड्याला फक्त रात्र लागते.

आणि पाडव्याच्या दिवशी आणखी एक गोष्ट आठवायला हवी. उत्तरेकडे आणि आपल्याकडेही काही घरांत या दिवशी शेणाचा गोवर्धन करून पुजतात. भागवतातली कथा सर्वांना माहीत आहे : इंद्र रागावला, सात दिवस मेघ कोसळले, आणि कृष्णाने गोवर्धन उचलून धरला. लहानपणी आपले सारे लक्ष त्या करंगळीवर असते. मोठेपणी ती कथा पुन्हा वाचली तेव्हा माझे लक्ष पर्वताखाली गेले. पाऊस टळला नाही. तो पूर्ण पडला. इंद्राला दुसऱ्या गावावर वळवलेले नाही. फक्त सारे गोकुळ, गाई-वासरे, म्हातारे, भांडलेले शेजारी, सात दिवस एकाच छपराखाली दाटीने उभे राहिले. त्या दाटीत काय काय झाले असेल, कोणी कोणाच्या पायावर पाय दिला असेल, याबद्दल पुराणकार काही सांगत नाही. मला ते ऐकायला आवडले असते.

एवढे सारे लिहिल्यावर कोणी म्हणेल, मग तुमच्या भावाने उंबऱ्यावर बसून सुटकेचा निश्वास टाकला तो चूक काय? मुळीच नाही. वर्षाची कमाई वाचलेल्या माणसाने त्या क्षणी दुसऱ्या गावासाठी रडावे असे जो म्हणेल त्याची स्वतःची कमाई कधी उघड्यावर वाळत पडलेली नसावी. वाचल्याचे दुःख होते असे सांगणारा माणूस मला खोटा वाटतो. निश्वास हा शरीराचा असतो, त्याला नीती लावू नये. नीतीला जागा मिळते ती निश्वासानंतर, तोंड उघडून माणूस पहिला शब्द कोणता बोलतो तिथे. आमची आई, ती आता नाही, असा ढग निघून गेला की 'टळला' म्हणत नसे. उंबऱ्यातून विचारी, "कुठं पडला असंल?" उत्तर मिळण्याची सोय नव्हती, पुढच्या आठवडी बाजारात कळले तर कळे. तरी विचारी. आता पुण्याच्या संस्थेने केलेले 'दामिनी' नावाचे ॲप जवळपास वीज पडण्याचा धोका मोबाइलवर आधी सांगते, आणि कोणता ढग कुठल्या गावावर आहे हेही घरबसल्या दिसते. आईला बाजाराची वाट पाहावी लागत होती, आपल्याला बोट फिरवावे लागते. पण ढग आपल्या गावावरून सरकला की बहुतेक जण मोबाइल खिशात ठेवतात, हेही मी पाहिले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाच्या रानात मेंढरे बसवायला एक धनगर आला. बोलणे आधीच झालेले होते. त्याचे घोंगडे अजून ओले होते आणि ते त्याने आमच्या कुंपणावर पसरले. भावजयीने त्याला चहा दिला. भावाने विचारले, "कुठं गाठलं?"

"दंडोबाच्या पल्याड, माळावर. गारा हुत्या." त्याने चहा बशीत ओतला. "दोन मेंढरं गेली. झाडाखाली गेली हुती, तितंच ईज पडली."

कोणी काही बोलले नाही. मग त्यानेच विचारले, "तुमच्यात पडला न्हाई व्हय?"

"नाही. पुढं गेला."

"बरं झालं," तो म्हणाला. "शेडात बेदाना हाय न्हवं तुमचा." हे बोलताना त्याच्या आवाजात कुठलीही कडवट छटा नव्हती, मी शोधली.

आबा रस्त्यापलीकडून आले होते आणि कुंपणाशी उभे होते. त्यांनी मेंढरांबद्दल हळहळ केली, एकेकाची किंमत विचारली, आणि मग काही वेळाने म्हणाले, "पानी किती झालं तिकडं?"

"ओढा वाहिला की रातभर. डबरी भरल्यात."

आबांनी डोंगराकडे पाहिले. अंतर चार-पाच कोस असावे.

"म्हसरं न्हेली तर कोन काय म्हनंल का?" त्यांनी विचारले.

"कोन म्हनतंय," धनगर म्हणाला, आणि बशी खाली ठेवून काठीने धुळीत त्यांना वाट काढून दाखवू लागला.